जाड्या-रड्याची इंग्रजी

लॉरेल आणि हार्डी या जोडीला ‘जाड्या-रड्या’ हे नाव ज्या कोणा मराठी माणसाने पहिल्यांदा दिलं, त्याला भाषांतराचं एखादं पारितोषिक मिळायला हवं होतं. एक जाडा आहे, हे पडद्यावर दिसतंच. दुसरा बारीक आहे, हेही दिसतं. पण ‘जाड्या-बारक्या’ म्हटलं तर सगळी गंमतच जाते. म्हणून त्याने दुसऱ्याचा बारीकपणा सोडून दिला आणि त्याचा रडवेला चेहरा उचलला, कारण ‘रड्या’ हा ‘जाड्या’शी जुळतो. मूळ नावांशी या नावांचा काडीचा संबंध नाही. दोन्ही शब्द खरं तर शिव्यांच्याच घरातले. वर्गात एखाद्या मुलाला म्हटले तर तो संध्याकाळी आईला घेऊन शाळेत येईल. तरी या जोडीला ते म्हणताना कोणाला काही वाटलं नाही. उलट त्यात माया होती.

इंग्रजी कार्टूनमधल्या चिडवाचिडवीच्या भाषेवर ही पुस्तिका लिहिताना मी हेच नाव समोर ठेवलं. शब्दाचा अर्थ सांगायला कोश आहेत, आता तर मोबाइलच आहे. टोमण्याला मात्र अर्थाखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात, नाद आणि वजन. नाद म्हणजे तो कानाला कसा लागतो, आणि वजन म्हणजे तो मनाला किती लागतो. नादाचं आपल्या मुलांना शिकवावं लागत नाही. वजनाचा अंदाज मात्र आमच्या महाडात बसून येत नाही, आणि सगळे घोटाळे तिथेच होतात.

भारतात कार्टून नेटवर्क आलं 1995 साली. दिवसा कार्टून आणि रात्री त्याच वाहिनीवर जुने इंग्रजी सिनेमे, असा तो मामला होता. त्या दिवसांत टॉम आणि जेरी घराघरांत पोचले यात नवल नव्हतं; ते दोघे जवळजवळ बोलतच नाहीत. पुढे हिंदी आवाज आले आणि मुलांनी इंग्रजी ऐकायचं सोडलं. डोरेमॉन पाहून आमच्याकडची पोरं अशी फाडफाड हिंदी बोलायला लागली की गावाकडच्या आज्या विचारत, हे दिल्लीचं पोर आपल्या घरात कुठून आलं? मोबाइल हातात आल्यावर वारं पुन्हा फिरलं. पेपा पिग, स्पंजबॉब, बग्स बनीचे जुने खेळ, सिम्पसन कुटुंबाचे तुकडे, हे सगळं मूळ आवाजात ऐकू येऊ लागलं. मुंबई-ठाण्याची भावंडं गणपतीला आणि मे महिन्यात गावी येतात तेव्हा या मालाची देवाणघेवाण जोरात होते. त्यातून उरलेले प्रश्न मग इंग्रजीचा मास्तर म्हणून माझ्याकडे येतात.

त्यातला एक प्रश्न दादली पुलाजवळ राहणाऱ्या एका मुलाचा. कार्टूनमधलं पात्र निघताना म्हणतं, ‘सी यू लेटर, ॲलिगेटर’. मुलगा म्हणाला, “सर, यात मगर कुठून आली?” प्रश्न रास्त होता. महाडला सावित्री नदीत मगरी आहेत. पुलावर गाडी थांबवून काठाला पसरलेली मगर दाखवणं हा पाहुण्यांसाठीचा आमचा ठरलेला कार्यक्रम. मगर इतक्या जवळून पाहिलेल्या मुलाला निरोप घेताना तिचं नाव का काढावं हे समजेना. त्याने स्वतःच तर्क लढवला होता: पुन्हा भेटू, तोवर मगरीने खाल्लं नाही तर! तर्क झकास, पण मगर तिथे आली ती केवळ ‘लेटर’शी ‘गेटर’ जुळतं म्हणून. 1956 साली बिल हेलीचं याच नावाचं गाणं अमेरिकेत गाजलं आणि हा निरोप पोरासोरांच्या तोंडी बसला. समोरच्याने मगरीच्याच कुळातलं दुसरं नाव यमकात बसवून उत्तर द्यायचं, एवढाच खेळ. (सावित्रीतली मगर ॲलिगेटर नव्हेच, ती या दुसऱ्या नावाची, हे त्या मुलाने मला नंतर गूगल करून सांगितलं.) जिथे अर्थच नाही तिथे अर्थ शोधणारा माणूस कार्टूनसमोर हमखास तोंडघशी पडतो, आणि त्यात शिकलेली माणसं जास्त.

यमक जुळवून एकमेकांची खोड काढणं हे काही साहेबाकडून शिकायला नको. ज्याला शंका असेल त्याने पोलादपूरकडच्या एखाद्या गावात शक्ती-तुऱ्याचा सामना पाहावा. शक्तीवाले आदिशक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. वाद तसा तत्त्वज्ञानाचा. पण गण-गवळण आटोपून सवाल सुरू झाले की तत्त्वज्ञान हळूहळू बाजूला सरकतं आणि समोरच्या शाहिराचा गळा, त्याचं पाठांतर, त्याचा गुरू, त्याच्या नाचणाऱ्या पोरांचे चुकणारे पाय, असं एकेक टोमण्यात येऊ लागतं. टोमणा साध्या बोलण्यात टाकला तर ते भांडण. चालीवर, यमकात टाकला की समोरच्याला त्याच तोलाचं उत्तर देणं भाग पडतं. मी पाहिलेल्या एका सामन्यात एका शाहिराने दुसऱ्याच्या बसलेल्या आवाजाला वरंध घाट चढणारी एसटी म्हटलं, आणि ढोलकीवाल्याने त्याच क्षणी गिअर बदलल्यासारखा घरघरता बोल काढला. आधी शिट्ट्या पडल्या त्या टोमणा खाणाऱ्याच्याच बाजूने. तो शाहीर स्वतः इतका हसला की पुढचं कडवं उचलायला त्याला उशीर झाला, आणि सामना तिथेच गेला. पहाटे दोन्हीकडची मंडळी एकाच पंगतीला बसली होती. चाकरमान्यांनी हेच सामने मुंबईला नेले. परळच्या दामोदर हॉलमध्ये ते वर्षानुवर्षं रंगले.

आता 1951 सालचं ‘रॅबिट फायर’ हे वॉर्नर ब्रदर्सचं कार्टून पाहा. बग्स बनी हा ससा आणि डॅफी हे बदक शिकाऱ्यासमोर उभे आहेत, आणि सध्या शिकारीचा हंगाम कोणाचा, सशाचा की बदकाचा, यावर त्यांची जुंपली आहे. दोघं तीच दोन वाक्यं एकमेकांच्या तोंडावर फेकतात. बग्स मध्येच हळूच आपली बाजू बदलतो, डॅफी सवयीने उलट बोलायला जातो आणि स्वतःच्याच तोंडाने बदकाचा हंगाम जाहीर करून गोळी खातो. सवाल-जवाबात समोरच्याला त्याच्याच चालीत अडकवायचं हा डाव आमच्याकडच्या कोणत्याही मुरलेल्या शाहिराला ठाऊक आहे. त्याला इंग्रजीचा गंध नसला तरी या कार्टूनला तो बरोबर जागी हसेल.

शिमग्याचं तर सांगायलाच नको. शिमगा सरला तरी कवित्व उरतं, असं आपण सहज म्हणून जातो, पण त्या म्हणीत शिव्यांना थेट कवित्व म्हटलंय. वर्षातले ते चार दिवस तोंड सुटलेलं चालायचं, मात्र तेही बहुधा यमकातच.

आणि रामदास! महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत बसून समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असं परंपरा मानते. त्याच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा. ओवीचे तीन चरण एकमेकांशी यमकात जुळलेले, त्यात मूर्खपणाचा एकेक नमुना, आणि चौथा चरण दर वेळी तोच, शिक्का मारल्यासारखा. स्वतःची स्तुती स्वतः करणारा, वाडवडिलांची कीर्ती सांगणारा, कारण नसताना हसणारा, असे किती तरी मूर्ख त्यात एका रांगेत उभे आहेत. भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून मोठ्याने वाचलं तर कळतं की हा समास ऐकताना माणसं हसत असणार. कारण नसताना हसणारा मूर्ख हे वाचताना कार्टून पाहणाऱ्या पोरांची आठवण होते खरी, पण पोरांकडे कारण असतं, ते आपल्याला दिसत नाही एवढंच.

तेव्हा कान तयार आहे. आता इंग्रजीत हे यमक कसकसं चालतं ते पाहू.

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे एका शब्दाला दुसरा निरर्थक जोडीदार देणं. आपण सोम्या-गोम्या म्हणतो, लुंग्या-सुंग्या म्हणतो. कोणी गोम्याचा पत्ता विचारत नाही. इंग्रजीत ‘नॅम्बी-पॅम्बी’ म्हणजे मुळमुळीत, नको तितका हळवा. या शब्दाला मात्र पत्ता आहे. ॲम्ब्रोज फिलिप्स नावाचे एक इंग्रज कवी लहान मुलांवर गोड गोड कविता लिहीत. हेन्री केरी या दुसऱ्या कवीने 1725 च्या सुमारास त्यांची टर उडवणारी कविता केली. ॲम्ब्रोजचा केला नॅम्बी, आणि फिलिप्समधला ‘प’ घेऊन त्याला पॅम्बी जोडला. फिलिप्स यांच्या कविता आज कोणी वाचत नाही, पण त्यांचं चिडवायचं नाव तीनशे वर्षं टिकलं आहे. कवींनी एकमेकांशी जपून वागावं ते यासाठी.

दुसरा प्रकार अमेरिकेचा. ‘फॅन्सी’ शब्द घ्यायचा आणि पुढे ‘श्मॅन्सी’ जोडायचा. म्हणजे कसलं आलंय फॅन्सी! पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला गेलेल्या ज्यू लोकांच्या यिडिश भाषेतून हा ‘श्म’ इंग्रजीत आला. बग्स बनीचा आवाज काढणारे मेल ब्लँक स्वतः ज्यू होते आणि बग्सची बोली त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि ब्रॉन्क्स या वस्त्यांमधल्या बोलींची भेळ करून बनवली, हे लक्षात ठेवलं की कार्टूनमधलं हे बोलणं कुठल्या गल्लीतून आलं ते समजतं. मराठीत याच्या अगदी जवळ आहे आपला ‘बि’: चहाबिहा, शाळाबिळा. पण इथे जपायला हवं. चहाबिहा घेणार का, यात आदरातिथ्य आहे, चहाबरोबर दोन बिस्किटंही आहेत. तोच ‘बि’ नाक मुरडून ‘मोठा हुशारबिशार’ असा म्हटला तर त्यात तिरस्कार येतो. ‘श्म’ला ही दुहेरी सोय नाही. तो लावला की समोरच्याची किंमत उतरलीच. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पाहुण्या बाईंना मोठ्या अदबीने ‘टी-श्मी’ विचारलं होतं, ते या फरकामुळे फसलं.

तिसरा प्रकार सर्वांत कावेबाज, कारण त्यात यमकाचा शब्दच गाळलेला असतो. लंडनच्या फेरीवाल्यांच्या आणि मजुरांच्या बोलीत एकोणिसाव्या शतकात हा खेळ वाढला. जॉन कॅम्डन हॉटन यांनी 1859 च्या आपल्या कोशात त्याची नोंद केली आहे. डोक्याला ‘हेड’ म्हणायचं नाही, त्याच्याशी जुळणारं ‘लोफ ऑफ ब्रेड’ घ्यायचं, आणि मग त्यातला ब्रेडही टाकून नुसतं ‘लोफ’ म्हणायचं. ‘लोफ वापर’ म्हणजे डोकं चालव. ऐकणाऱ्याला पाव ऐकू येतो, डोकं मात्र ज्याला ठाऊक त्यालाच दिसतं. कार्टूनमध्ये जीभ बाहेर काढून ‘फर्र’ असा आवाज काढतात, त्याला ‘रास्पबेरी’ म्हणतात तेही याच वाटेने. मूळ जोडी ‘रास्पबेरी टार्ट’, आणि ‘टार्ट’शी जे जुळतं ते पादण्याचं इंग्रजी नाव. एका सभ्य आईने मला विचारलं होतं की हे फळाचं नाव इतकं हसण्यासारखं का आहे. मी त्यांना ‘पादरापावटा’ या आपल्या जुन्या शब्दाची आठवण करून दिली. तो त्या स्वतः दिवसातून दोनदा वापरत होत्या.

या आवाजाची एक गंमत आहे. अमेरिकेतल्या चित्रपटांसाठी 1930 च्या दशकात जी आचारसंहिता कडक झाली, तिच्या निषिद्ध गोष्टींच्या यादीत शिव्यांबरोबर हा ‘फर्र’ आवाजही होता. शब्द नसलेला आवाजसुद्धा शिवी ठरतो, हे सेन्सॉरवाल्यांना बरोबर कळलं होतं. अशा कात्रीतूनच कार्टूनची भाषा घडली आहे. देवाचं नाव शिवीसारखं घ्यायचं नाही, म्हणून जीझसचा ‘जीपर्स’ झाला, आणि नाद पुरा करायला त्याला कोणी ‘क्रीपर्स’ जोडला. आपलं ‘आयला’ तरी दुसरं काय आहे? एका जबर शिवीचं शेपूट तोडून ते घरात घेतलं, आणि आता मुलं आईसमोरच ‘आयला’ म्हणतात, आईही म्हणते. स्पंजबॉबच्या 2001 सालच्या एका भागात तर या सगळ्या प्रकाराचीच टिंगल आहे. स्पंजबॉब आणि पॅट्रिक कचऱ्याच्या डब्यावर लिहिलेला एक वाईट शब्द वाचतात आणि, वाक्याला शोभा येते असं समजून, तो जिथे तिथे वापरू लागतात. तो शब्द आपल्याला कधीच ऐकू येत नाही. दर वेळी त्यावर डॉल्फिनची चिवचिव येते. वाईट शब्द एकूण तेरा आहेत आणि हा अकरावा, एवढं मात्र त्यांचा मालक त्यांना गंभीरपणे सांगतो. मुलं उरलेले बारा कोणते हे विचारतात. मी सांगत नाही.

काही शब्दांचा तर अर्थच कार्टूनने उलटा केला, असं म्हणतात. निम्रॉड हा बायबलमधला पराक्रमी शिकारी. 1948 सालच्या एका कार्टूनमध्ये डॅफी बदक त्या बावळट एल्मर शिकाऱ्याला उपरोधाने निम्रॉड म्हणतं. आपण एखाद्याला ‘मोठा टिकोजीराव’ किंवा ‘तीसमारखान’ म्हणतो, तसं. पण पाहणाऱ्या मुलांना बायबल कुठे पाठ? त्यांनी एल्मरकडे पाहिलं आणि निम्रॉड म्हणजे ठोंब्या असं गृहीत धरलं. अमेरिकेत आज तोच अर्थ चालतो. ‘मोरॉन’ची कथा याहून वाईट. हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाने 1910 साली बुद्धीच्या एका पातळीला शास्त्रीय नाव म्हणून तो घडवला. तो डॉक्टरांच्या कागदावर राहिला असता तर बरं होतं. तो शाळेच्या मैदानात आला. बग्स बनी त्याचा उच्चार मुद्दाम बिघडवून ‘मरून’ करतो, आणि हसू येतं ते मूर्ख म्हणणाऱ्यालाच नीट बोलता येत नाही याचं. होमर सिम्पसनच्या तोंडचा तो प्रसिद्ध ‘डोह’ 2001 साली ऑक्सफर्डच्या कोशात गेला. संहितेत तो शब्द म्हणून लिहिलेला नसतोच, नुसतं ‘वैतागाचा हुंकार’ असं लिहिलेलं असतं. होमरला आवाज देणारे डॅन कॅस्टेलनेटा यांनी तो उचलला जेम्स फिनलेसन या नटाकडून, आणि फिनलेसन तो हुंकार काढायचे लॉरेल-हार्डीच्या सिनेमांत. म्हणजे आमच्या जाड्या-रड्याच्या!

सिम्पसनमध्येच बार्ट हा व्रात्य पोरगा मोच्या गुत्त्यात फोन करून खोट्या नावाच्या गिऱ्हाइकाला बोलवायला सांगतो. मो ते नाव भर गुत्त्यात ओरडतो आणि फसतो. ‘आय. पी. फ्रीली’ हे एक नाव. सलग म्हटलं की ते ‘मी मोकळेपणाने लघवी करतो’ असं वाक्य होतं. हे कोणाला समजावून सांगू नये, मोठ्याने म्हणायला लावावं. सगळा वर्ग एका मिनिटात हसतो, आणि मग सगळा वर्ग मराठी नावं शोधायला लागतो. तिथे मास्तराने वेळीच घंटा वाजवावी.

आता वजनाविषयी, कारण पुस्तिका लिहिली ती त्यासाठी. पोलादपूरकडच्या एका घरी गणपतीला गेलो होतो. ठाण्याहून आलेल्या थोरल्या नातवाने धाकट्याला अंधारात गोठ्याकडे जायला सांगितलं, तो गेला नाही, म्हणून थोरला त्याला ‘स्केअर्डी-कॅट’ म्हणाला. धाकटा मुसमुसत ओटीवर आला. “आजी, दादा मला मांजर म्हणतो.” आजी भाजी चिरत होती. “मांजर म्हनला तं काय झालं? मांजर भितं व्हय कुनाला?” मग थोरल्याने मोठ्या शहाणपणाने खुलासा केला की त्याचा अर्थ भित्रा असा आहे. आजी म्हणाली, “मंग सरळ भित्री भागूबाई म्हन की!” आणि तोवर नुसता मुसमुसणारा धाकटा मोठ्याने भोकाड पसरून रडायला लागला.

अर्थ तोच होता. इंग्रजीत तो अंगाला घासून गेला होता, मराठीत घुसला. भागूबाईत आणखी एक खोच आहेच: मुलाला भित्रा म्हणायचं तर त्याला बाई करायचं. इंग्रजीतही ‘सिसी’ हा शब्द ‘सिस्टर’वरूनच आला. दोन्ही भाषांनी या बाबतीत सारखाच करंटेपणा केला आहे.

उलटही घडतं. पेपा पिग आपल्या वडिलांना ‘सिली डॅडी’ म्हणते आणि सगळं कुटुंब हसत सुटतं. आमच्याकडे एमआयडीसीतून पाळी संपवून आलेल्या बापाला चार वर्षांच्या मुलीने ‘सिली बाबा’ म्हटलं, आणि पलंगावर बसलेल्या आजोबांनी घर डोक्यावर घेतलं: बापाला मूर्ख म्हणते! कोशात तो अर्थ आहे, आजोबा चुकले नाहीत. पण ‘सिली’ला मूर्खाचं वजन नाही. ते ‘वेडं रे वेडं’ किंवा ‘खुळ्या’च्या जवळचं, गालगुच्चा घेत म्हणायचं. याउलट ‘स्टुपिड’. तिकडच्या कितीतरी घरांत लहान मुलांनी तो शब्द उच्चारायचा नाही असा दंडक असतो. आमच्याकडे मात्र मास्तरापासून मालकापर्यंत सगळे तो बिनधास्त वापरतात, कारण मराठीत ‘मूर्खा’ म्हटलं तर उद्धटपणा होतो आणि ‘स्टुपिड’ म्हटलं की माणूस शिकलेला दिसतो. परदेशी गेलेल्या आमच्या काही मुलांना याचा हिशोब तिकडे द्यावा लागला आहे.

म्हणून पुढच्या पानांवर प्रत्येक शब्दापुढे अर्थाबरोबर माप दिलं आहे: चिमूट, मूठ आणि पायली. चिमटीचा शब्द भावंडांत खुशाल वापरावा. मुठीचा मित्रांत, तोही मित्र बघून. पायलीचा फक्त ऐकायचा. मापं माझी आहेत, कोणाला कमी-जास्त वाटली तर माझी हरकत नाही. मिरचीचंही असंच असतं.

काही शब्दांना मापच दिलेलं नाही, कारण ते पुस्तिकेत घेतलेले नाहीत. चिडवण्याच्या मराठी शब्दांत जातींची नावं किती सहजपणे येतात हे ज्याने मैदानात चार दिवस खेळून पाहिलं आहे त्याला सांगायला नको. शक्ती-तुऱ्यात शाहिराच्या आवाजाची थट्टा होते तेव्हा उत्तर द्यायला समोर दुसरा शाहीर उभा असतो, त्याच्याही हातात ढोलकी असते. जातीवरून मारलेल्या टोमण्याला उत्तराची चालच दिलेली नसते. ज्या गावात 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर पाणी प्यायला आली आणि त्यासाठी त्यांना मार खावा लागला, त्या गावात बसून मी अशा शब्दांना गंमत म्हणणार नाही. अमेरिकन कार्टूनलाही हा हिशोब चुकलेला नाही. काळ्या लोकांची हिणकस सोंगं असलेली वॉर्नरची अकरा कार्टून 1968 साली प्रसारणातून काढून घेतली गेली. सिम्पसनमधला भारतीय दुकानदार अपू आपल्याकडच्या लोकांना बरीच वर्षं गमतीचा वाटला. पण अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत त्याच्या बोलण्याची नक्कल करून छळलं जात होतं, हे हरी कोंडाबोलू यांच्या 2017 सालच्या माहितीपटातून पुढे आलं. त्याचा आवाज काढणारे गोरे नट हँक अझारिया यांनी 2020 साली ते काम सोडलं. तिथे शब्द वाईट नव्हताच. हेलच टोमणा झाला होता.

मांडणीविषयी थोडं. शब्द अकारविल्हे न लावता प्रसंगाने लावले आहेत: रडणाऱ्याला काय म्हणतात, चहाडी करणाऱ्याला काय, फुशारकी मारणाऱ्याला काय. इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत, कारण हे सगळं डोळ्याने वाचायचं नाही, तोंडाने म्हणायचं आहे. जिथे मराठी जोड सापडली तिथे ती दिली. ‘स्मार्टी-पँट्स’ला दीडशहाणा आणि ‘क्राय-बेबी’ला रडतराऊ हे हातातच होते. काही ठिकाणी महाड-पोलादपूरकडचा शब्द छापील मराठीपेक्षा नेमका वाटला, तेव्हा तोच ठेवला. पुण्याच्या वाचकाने आजीला विचारावं. जिथे जोड मिळाली नाही तिथे जागा कोरी सोडली आहे, मुलांनी भरावी. ती मोठ्यांपेक्षा चांगली भरतात.

शिक्षकांना एकच विनंती. ही पुस्तिका वर्गात खुशाल न्या, मोठ्याने वाचा, मुलांना भांडू द्या. पण हिच्यावर परीक्षा घेऊ नका. ‘जोड्या लावा’ हा प्रश्न तर मुळीच काढू नका; मुलं त्या वर्गातल्या नावांशीच लावतील.